लोंढ्याच्या ठिपक्यातलं संकेश्वर

"मष्णू, पेपर कुठाय?" मी विचारलं, आणि विचारायच्या नादात दाढीचा अर्धा फेस तोंडात गेला.

"बंद केला," वस्तऱ्यात नवं पातं घालत मष्णू म्हणाला.

"बंद केला म्हणजे? वीस वर्षं मी इथं येतो ते काय तुझं तोंड बघायला?"

"आरशात तुमी तुमचंच तोंड बघतासा की. पेपर वाचून त्याचं काय हुतंय ते मला बघाय लागतंय." त्याने माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली. "पैलं पान उघडलं की तुमच्या कपाळाला आठ्या. दुसऱ्या पानाला गाल आत. शीमेचं कायतर आलं की नरडं असं ताठ. मग वस्तरा फिरवू कुठनं? गेल्या म्हैन्यात तीनदा कापलं तुमाला. तिन्ही बारीला हातात पेपर हुता."

समोरच्या पुराव्याला उत्तर नसलं की वकिलाने आवाज चढवायचा असतो. तो मी चढवला. पण मष्णू असल्या आवाजांना भीक घालत नाही. स्टँडासमोर दुकान टाकून त्याला पस्तीस वर्षं झालीत, त्याने ड्रायव्हर-कंडक्टरांची भांडणं पाहिलीत. त्याच्यापुढं माझी काय कथा! मी रघुवीर वकील. संकेश्वरच्या कोर्टात तीस वर्षं आहे. हुशार वकील बेळगावला गेले, त्याहून हुशार धारवाडला हायकोर्टात गेले, आणि मी मष्णूच्या दुकानात पेपर वाचत राहिलो. तोही आता बंद झाला होता.

पेपरच्या जागी आरशाशेजारी एक टॅब टांगलेला होता. मष्णूची मुलगी रूपाली बेळगावला दवाखान्यात नर्स आहे. तिने नवा घेतला आणि हा जुना बापाला दिला. एक कोपरा तडकलेला, आणि पाण्याचा फवारा उडू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी.

"हे काय? सिनेमे दाखवणार की काय आता?"

"सिनेमा नगं. सिनेमात मानूस हसतंय, मग कापतंय. रडलं तरी कापतंय." मष्णू गंभीरपणे म्हणाला. "साईट अशी पायजे की बघताना तोंड निस्तं उघडं पडलं पायजे. गाल सैल, कपाळ सपाट. मग वस्तरा बघा कसा जातोय!"

आणि खरं सांगतो, या एका कसोटीवर त्या माणसाने अख्खं इंटरनेट पालथं घातलं होतं. रूपालीने सुट्टीत आली असताना त्याला एक-दोन विचित्र साईट दाखवल्या होत्या, त्यावरून याला नादच लागला. दुपारी दुकान रिकामं असलं की हा टॅब घेऊन बसायचा आणि एक हात स्वतःच्या गालावर ठेवायचा. साईट बघताना गाल सैल पडला की ती पास. पास झालेल्या साईटची नावं आरशामागच्या पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेली. इंग्रजी त्याला बसच्या पाट्यांपुरतं येतं, पण तेवढ्यावर त्याने काम भागवलं होतं.

वैद्याने नाडी बघून पुडी द्यावी तसं चाललं होतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मष्णू आधी त्याचं तोंड बघणार आणि मग साईट लावणार. मराठा रेजिमेंटातून रिटायर झालेले एक तापट हवालदार होते, त्यांना त्याने आफ्रिकेतल्या वाळवंटातलं एक पाणवठ्याचं डबकं लावून दिलं. तिथं कुणीतरी कॅमेरा बसवून ठेवलाय आणि चोवीस तास तेवढंच दिसतं. तास तास काही होत नाही, मग एखादा जिराफ येतो आणि पुढचे पाय फाकवून पाणी पितो. हवालदार आधी म्हणाले, "ही काय उभं राहायची पद्धत झाली?" आणि मग दाढी होऊन गेली तरी उठेनात.

साखर कारखान्यातल्या एका फिटरला त्याने विमानांचा नकाशा दाखवला. जगात या क्षणी उडत असलेलं प्रत्येक विमान त्यावर मुंगीएवढं दिसतं. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईला निघालेलं विमान सरकत सरकत संकेश्वरवर आलं, आणि तो गडी एका गालाला फेस आणि गळ्यात कापड अशा अवतारात बाहेर पळाला. स्टँडावरची माणसं याच्याकडं बघतायत आणि हा आकाशाकडं. "दिसलं! दिसलं!" म्हणत परत आला.

सगळ्यात बहार भरमू बोअरवाल्याने आणली. एक साईट अशी आहे की आपलं गाव दाखवलं की तिथून पृथ्वीला सरळ आरपार भोक पाडत गेलं तर पलीकडं कुठं निघतो ते कळतं. संकेश्वरची पलीकडची बाजू भर समुद्रात निघाली. भरमूचं तोंड मष्णूला पाहिजे तसं उघडं पडलं.

"चारी बाजूनं समुद्रच?"

"समुद्रच."

"मग पानी लागतंयच की लेका!" भरमू दुकानभर बघत म्हणाला. "लोक उगंच नावं ठेवत्यात, भरमूच्या बोअरला पानी लागत न्हाय म्हनून. थांबत न्हाईत, त्येंची चूक हाय!"

मला त्याने जगभरच्या माणसांची घरगुती भांडणं लावून दिली. तिथं कुणीही आपलं भांडण लिहितो आणि विचारतो, सांगा, चूक माझी का? मग जग निकाल देतं. मी कॅनडातल्या एका जावयाला निर्दोष सोडलं. घरी येऊन विनोदिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळी केस सांगितली, तर ती म्हणाली निकाल चुकलाय. त्यावर आमचंच वाजलं. पण त्या महिन्यात मला एकदाही कापलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

मला वाटलं, आहे आपला एक छंद. मष्णूची ही सगळी खटपट मुळात एका माणसासाठी होती, हे मला फार उशिरा कळलं.

तो माणूस म्हणजे मारुतीराव. संकेश्वर स्टँडावर ते कंट्रोलर होते. काचेच्या त्या एवढ्याशा खोलीत बसून तीस वर्षं त्यांनी गाड्या पुकारल्या. कानडीत नेमून दिलेलं, आणि त्यामागून मराठीत स्वतःच्या हौसेनं. आवाज असा स्वच्छ की बाजारात मिरची पाखडणाऱ्या बाईलाही कळायचं, आपली गाडी लागली. रोज ड्यूटीच्या आधी साडेसहाला मष्णूच्या खुर्चीत यायचे. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी, आणि मष्णूच्या दुकानाची भवानी तीस वर्षं मारुतीरावांची. बसल्या बसल्या म्हणायचे, "मष्णू, सावकाश कर, पण लवकर कर." रिटायर झाले तरी साडेसहाची वेळ चुकली नाही.

आणि मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात-पाय गेला. पाय थोडा सुधारला, पण जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, आवाज शाबूत आहे, बोलत राहा, बोलाल तसं सुटेल. पहिले सहा महिने महत्त्वाचे, नुसते गप्प बसलात तर मग अवघड आहे. मारुतीरावांनी मनावर घेतलं होतं. पण घरी आल्यावर दोन दिवसांनी फोन वाजला आणि तो त्यांनी स्वतः उचलला. पलीकडं डेपोतला कुणी जुना ओळखीचा. याला झटक्याची बातमीच नाही. दोन वाक्यं ऐकून तो हसत म्हणाला, "काय कंट्रोलरसाब, एवढ्या सकाळी सकाळी घेतलासा काय?"

मारुतीरावांनी फोन ठेवला. त्यानंतर ते एक अक्षर बोलले नव्हते. चार महिने झाले होते.

मष्णू रोज साडेसहाला त्यांच्या घरी जायचा, दाढी करायचा आणि मग दुकान उघडायचा. एका रविवारी मीही बरोबर गेलो. वाटेत त्याला म्हटलं, "तुझं कौतुक वाटतं बाबा."

"कसलं कौतुक!" तो चिडूनच म्हणाला. "दाढी रोज करतोय मी. पन भवानी हुईना झालीया. गिऱ्हाईक बोलल्याबिगर कसली भवानी? आनि दोन म्हैनं ऱ्हायल्यात, वकीलसाब. ह्यो मानूस मुका बसला तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू?" त्याने पिशवीतला टॅब चाचपला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिराफ, विमानं, समुद्र, सगळं आधी मारुतीरावांपुढं जाऊन आलं होतं. त्यांना गुण आला नाही म्हणून ते आमच्या वाट्याला आलं होतं.

शालूबाईंनी दार उघडलं. मारुतीरावांची बायको. "या वकीलभाऊजी. आज कुटला प्रानी आनलाय मष्णूनं? काल रातभर पेंग्विन दिसलं मला सपनात."

मारुतीराव खिडकीशी खुर्चीत बसलेले. अंगाने उतरले होते, पण मिशी तीच. मला बघून मान हलवली. मष्णूने फेस लावता लावता एक डाव टाकला, खास माझ्यादेखत. "वकीलसाब, बेळगावच्या गाडीला काय काय लागतंय हो? हत्तरगी, मग काकती, मग वंटमुरी, मग यमकनमर्डी…"

संकेश्वरचं शेंबडं पोरसुद्धा हा क्रम असा सांगणार नाही. मारुतीरावांनी मष्णूकडं एकदा बघितलं आणि फेसासकट तोंड भिंतीकडं वळवलं. एवढा अपमान त्यांचा फोनवरसुद्धा झाला नसेल. मष्णूने कानाला खडा लावला. "चुकलं आण्णा. फिरवा तोंड. परत न्हाय असं करत." मग बराच वेळ त्याने नुसती दाढी केली, आणि ती आटोपल्यावर टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ही कालच घावली. हिच्यात बघायचं कायच न्हाय. ऐकायचं."

सगळ्या जगाचा नकाशा होता, आणि त्यावर ठिपके. कुठल्या कुठल्या गावची हौशी माणसं आपल्या गावचे आवाज टिपतात आणि तिथं ठेवतात. ठिपक्यावर बोट ठेवलं की ते गाव ऐकू येतं. मष्णूने एक ठिपका दाबला. जपानातल्या कुठल्यातरी रेल्वे फाटकाची घंटा टिणटिणली. दुसरा दाबला; कुठल्याशा बंदरावर माणसं मासे विकत होती. ती भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती, पण ओरडणं अगदी आपल्या बाजारासारखं. मारुतीराव डोळे मिटून ऐकत होते. आपल्या बाजूला आलो तर गोव्याच्या समुद्रानंतर एकदम मोकळं रान, आणि मध्ये एकच ठिपका.

"लोंढा!" मी वाचलं. "लोंढा रेल्वे स्टेशन, सकाळ. दाब, दाब. आगगाडी ऐकू येईल."

मष्णूने दाबलं. आगगाडी काही येईना. डिझेलचं इंजिन गुरगुरत होतं, ब्रेकचा उसासा आला, कुणी "शेंगाऽ, गरम शेंगाऽ" ओरडत गेलं. मग भोंग्यात खरखर झाली, कुणीतरी घसा साफ केला आणि आवाज आला.

"प्रयाणिकर गमनक्के…" कानडीतलं सगळं संपलं आणि लगेच, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. हत्तरगी, यमकनमर्डी, वंटमुरी, काकतीमार्गे बेळगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. शालूबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. "बोललासा? आवो, तुमी बोललासा?"

मारुतीरावांचं तोंड मिटलेलं होतं. आवाज मांडीवरच्या टॅबमधून येत होता. शालूबाईंनी टॅबकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मष्णूचा हात हवेतच राहिला. मला काय करावं ते सुचेना, म्हणून ठिपक्याखाली जे लिहिलं होतं तेच मी मूर्खासारखं परत मोठ्याने वाचलं, "लोंढा रेल्वे स्टेशन."

मारुतीरावांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. चांगला उजवा हात उचलून त्यांनी त्या ठिपक्यावर बोट आपटलं. ओठ हलले. एकदा, दोनदा.

"लो… लोंढा… न्हवं!"

शालूबाई चौकट सोडून पुढं आल्या.

"लोंढा न्हवं! सं… संकेश्वर!" अक्षरं एकमेकांत घसरत होती, पण राग अगदी सुस्पष्ट होता.

"परत म्हना," मष्णू कसाबसा म्हणाला.

"तुझ्या आयला… लिव्ह की! संकेश्वर… लिव्ह!"

मष्णू हसायला लागला, आणि हसता हसता त्याला रडू आलं, आणि तो गळ्यातल्या कापडाने, म्हणजे मारुतीरावांच्या गळ्यातल्या कापडाने, डोळे पुसायला लागला. शालूबाईंनी पिठाचेच हात तोंडावरून फिरवले. मीही काही कमी नव्हतो, पण मी वकील असल्यामुळं खिडकीतून बाहेर बघितलं.

आता लिहायचं कुठं आणि कुणाला, हा प्रश्न आला. ठिपक्याखाली तो आवाज टाकणाऱ्याचा पत्ता होता. मी त्याच संध्याकाळी मजकूर तयार केला. माझ्या अशिलाच्या आवाजाची अन्य गावाच्या नावे नोंद झाल्याने त्यांस झालेला मनस्ताप, वगैरे वगैरे, एकूण चौदा कलमं. रूपालीला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "काका, तो माणूस घाबरून साईटच बंद करून टाकेल." आणि तिने स्वतः तीन ओळी लिहून पाठवल्या. माझी चौदा कलमं अजून फाईलला आहेत.

आठ दिवसांनी उत्तर आलं. रूपालीने फोनवरून वाचलं आणि मारुतीरावांच्या खोलीत आम्ही ऐकलं. डेन्मार्कचा कुणी म्हातारा होता. पोस्टात नोकरीला होता. पंधरा वर्षांमागं कोल्हापूरहून गोव्याला जाताना एका दिवसात तीन गाड्या बदलल्या आणि घरी गेल्यावर आवाजांची गल्लत झाली, त्याबद्दल माफी मागत होता. लिहिलं होतं, "भाषा मला कळली नाही, पण तो आवाज ऐकून वाटलं की इथं कुणाची गाडी चुकणार नाही. ते गृहस्थ अजून गाड्या पुकारतात का? पुकारत असतील तर आताचा आवाज पाठवा. दोन्ही एकत्र, योग्य गावी ठेवीन."

सगळे मारुतीरावांकडं बघायला लागले. त्यांनी मान हलवली. नाही.

"का हो?" शालूबाई म्हणाल्या. "आता तर शिव्या बी देतासा मला."

मारुतीरावांनी एकेक शब्द ओढून काढला. "आत्ता… न्हाय. आदी… नीट." आणि मग पुटपुटायला लागले, "हत्तरगी… यम… यमक…" तिथं जीभ अडकली. त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तिथून पुढचा दीड महिना संकेश्वरात दुसरा विषय नव्हता. निदान मष्णूच्या दुकानात तरी नव्हता. सकाळी तो मारुतीरावांकडून आला की खुर्चीतलं गिऱ्हाईक आधी विचारायचं, "आज गाडी कुठवर गेली?"

"हत्तरगी वलांडली. यमकनमर्डीला पंक्चर."

दुसऱ्या दिवशी, "यमकनमर्डीच."

तिसऱ्या दिवशी, "निम्मं यमकन झालं. मर्डी ऱ्हायली."

रूपालीने जिभेचे व्यायाम फोनवरून सांगितले होते. गालात हवा भरायची, जीभ नाकाला लावायची. शालूबाई म्हणायच्या, "साठीत ह्यो मानूस मला वेडावून दावतोय, आनि मी म्हनायचं, अजून लांब काढा!" जिराफाला आता कुणी विचारत नव्हतं. भरमू बोअरवाला रोज पैज लावायचा आणि रोज हरायचा. मीसुद्धा कोर्टात जायच्या आधी गाडी कुठं आहे ते विचारून जायचो. माझ्याच अशिलांच्या तारखा मला पाठ नसतात, पण ही गाडी पाठ होती.

शेवटी हवालदारांचा धीर सुटला. म्हणाले, "अरे, एवढं काय? यमकनमर्डी वगळा की. हायवेनं सरळ काढा गाडी. डेन्मार्कला काय कळतंय?"

सूचना वाईट नव्हती. मष्णूने ती दुसऱ्या दिवशी पोचवली, आणि परत आला तो मान खाली घालून.

"काय म्हणाले?" हवालदारांनी विचारलं.

"म्हनाले, तितल्या मान्सांनी उतरायचं कुटं?"

हवालदारांनी आपली टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

मग एका रविवारी सकाळी सहालाच मष्णूचा फोन. "वकीलसाब, या. बोलवलंय."

मी गेलो तर घरात सणासारखी गडबड. मारुतीरावांनी खाकी शर्ट मागितला होता, ड्यूटीचा. शालूबाईंनी तो ट्रंकेतून काढून इस्त्री केला होता, आणि डाव्या हाताची बाही घालता घालता त्यांचं तोंड चालू होतं. "फोटो काढायचा असता तर गोष्ट येगळी. आवाज पाठवायचाय. आवाजाला कोन बघतंय हो? त्येला शर्ट कशाला आनि दाढी कशाला?"

मारुतीराव फेसातूनच म्हणाले, "लाऊडस्पीकरवर बी… कोन बघत न्हवतं."

शालूबाईंचं तोंड बंद झालं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, हे पहिल्यांदाच घडलं असावं. त्यांनी गुंड्या लावल्या, वरचीसकट.

मष्णूने त्या दिवशी दाढी केली तशी आयुष्यात माझी कधी केली नाही. दोनदा फेस, दोनदा पातं, तुरटी, कानामागं पावडर. मग खुर्ची टेबलाशी सरकवली आणि टॅब पुढं ठेवला. शालूबाईंनी पंखा बंद केला, मी खिडकी लावली. मष्णूने लाल बटणावर बोट धरलं आणि विचारलं, "आण्णा, करू सुरू?"

मारुतीरावांनी घसा साफ केला. मान हलवली.

आधी कानडी. नियमाप्रमाणं. सावकाश, एकेक शब्द पायरीवर पाय ठेवावा तसा. मग मराठी. "प्रवाशांनी… लक्ष… द्यावं." बाहेर खऱ्या स्टँडावर कुठलीतरी गाडी हॉर्न वाजवत होती. "हत्तरगी."

आणि ते थांबले.

मष्णूचे ओठ हलत होते, शालूबाईंचे हलत होते, आणि माझेही हलत असणार. मनात आलं, देवा, आज कुणाची केस जिंकली नाही तरी चालेल, एवढी जिंकू दे. मारुतीरावांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी घाई केली नाही. ओठ मिटले, जीभ आत कुठंतरी जमवून घेतली.

"य…मकन…मर्डी."

शालूबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"वंटमुरी. काकती… मार्गे… बेळगावला… जाणारी गाडी… फलाट क्रमांक… तीनवर… लागलेली आहे."

मष्णूने टॅबकडं हात नेला, पण मी त्याचा हात धरला, कारण मारुतीरावांचं अजून संपलं नव्हतं. ते समोर बघत तसेच ताठ बसले होते. मग त्यांचा उजवा हात टेबलाच्या कडेशी गेला. तिथं काहीच नव्हतं. अंगठ्याने त्यांनी तिथं माईकचं बटण बंद केलं, आणि मगच आमच्याकडं बघितलं.